सुरतेचे सागवान आणि लाकडाचे गुणदोष

आषाढात पावसाची झड लागली की देवळाचा दरवाजा फुगतो, चौकटीत अडकतो आणि पहाटेच्या काकडआरतीस आलेल्या पुजाऱ्यास त्याला खांदा लावावा लागतो. तोच दरवाजा चैत्रात इतका सैल होतो की दोन फळ्यांमधून समईची ज्योत बाहेर दिसते. हा अनुभव कोकणपट्टीतील आणि गोमंतकातील प्रत्येक देवस्थानास आहे. मग कोणी सुतारास बोल लावतो, कोणी लाकूड विकणाऱ्यास, आणि अलीकडे तर पुष्कळ ठिकाणी लाकडासच निरोप देऊन लोखंडाची झडप बसविली जाते. परंतु दोष नेमका कोणाचा, हे ठरविण्यापूर्वी लाकूड म्हणजे काय हे समजून घेणे न्यायाचे होईल. ही समज आपल्या देशात नवी नाही. ती एके काळी एका नगरात इतकी परिपक्व झाली होती की समुद्रावर राज्य करणाऱ्या लोकांनीही ती तेथून उचलून नेली. ते नगर म्हणजे तापीकाठचे सुरत.

सुरत म्हटले की मराठी माणसास १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे आठवतात. शिवछत्रपतींनी ज्या संपत्तीवर हात घातला ती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतील होती. पण त्या पेढ्या ज्यांच्या पाठीवर उभ्या होत्या ती जहाजे लाकडाची होती, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. हजच्या यात्रेकरूंची, मोख्याच्या कॉफीची, कापडाची आणि निळीची वाहतूक करणारी मोठमोठी गलबते सुरतेत बांधली जात. शहरातील घरेही सागाच्या खांबातुळयांची, मधल्या जागेत विटा भरलेली अशी असत. १८३७ च्या एप्रिलमधील भीषण आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली, त्यावरून या नगराच्या अंगात किती लाकूड भिनले होते याची कल्पना येईल. त्यातूनही बचावलेली लाकडी कोरीव कामे, विशेषतः शहापूर भागातील चिंतामणी जैन मंदिरातील कोरलेले आणि रंगविलेले खांब, त्या काळच्या सुताराच्या हाताची साक्ष देतात.

सुरतेच्या पाठीशी डांगचे सागवानी अरण्य होते, आणि दक्षिणेकडून मलबारचा साग समुद्रमार्गे येई. डांगच्या जंगलाचे मोल इंग्रजांनीही ओळखले. १८४२-४३ च्या सुमारास त्यांनी तेथील भिल्ल राजांकडून लाकूडतोडीचे हक्क भाडेपट्ट्याने घेतले. पण नुसते चांगले लाकूड जवळ असणे आणि लाकूड ओळखता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुरतेचे मोठेपण दुसऱ्या गोष्टीत होते.

येथे लाकडाच्या स्वभावाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. झाड उभे असते तेव्हा त्याच्या अंगात पाणी दोन ठिकाणी असते: एक पेशींच्या पोकळीत मोकळे, आणि दुसरे पेशींच्या भिंतींत मुरलेले. झाड तोडल्यावर मोकळे पाणी आधी जाते. त्याने वजन घटते, पण आकार बदलत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के एवढेच पाणी उरले म्हणजे भिंतींतले पाणी सुटू लागते, आणि तेथून लाकूड आकसू लागते. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते, यातच सगळे मर्म आहे. सागाचे उदाहरण घेऊ. ओला साग पूर्ण सुकविला तर खोडाच्या वर्तुळाकार रेषांच्या दिशेने तो सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि उंचीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. इतर पुष्कळ झाडांत हे आकडे यापेक्षा बरेच मोठे असतात. सागाची थोरवी एक तर याच संयमात आहे.

आता फळीला वाक का येतो हे सहज कळेल. खोडाच्या कडेकडून काढलेल्या फळीची एक बाजू गाभ्याकडे तोंड करून असते व दुसरी सालीकडे. सालीकडची बाजू अधिक आकसते, म्हणून फळी पन्हळीसारखी वळते. तंतू खोडाभोवती मळसूत्रासारखे चढलेले असतील तर फळीला पीळ पडतो. ओंडक्याची टोके उघडी असल्याने पाणी तेथून लवकर जाते, आतला भाग मागे राहतो, आणि टोकाला चिरा पडतात. कडक उन्हात टाकलेल्या लाकडाचा वरचा थर आधी कठीण होऊन बसतो. आतील लाकूड पुढे आकसू पाहते तेव्हा त्यास वाट मिळत नाही, आणि पोटात भेगा पडतात, ज्या वरून दिसतही नाहीत. आणि एकदा सुकले म्हणून लाकूड शांत झाले असेही नाही. ते हवेतील ओल पिते आणि सोडते. तीस सेंटीमीटर रुंदीच्या सागवानी फळीतील ओल पावसाळ्यात १२ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेली, तर ती फळी साधारण अडीच मिलिमीटर रुंदावते. अशा चार फळ्या जोडलेला दरवाजा एक सेंटीमीटर वाढला, म्हणजे तो अडकणारच. तीच फळी ओंडक्याच्या मध्यातून, गाभ्याकडून सालीकडे कापलेली असती, तर हीच वाढ निम्म्याहूनही कमी झाली असती. यात सुताराचा वा विक्रेत्याचा अपराध असेल तर इतकाच, की त्यांनी कोणत्या बाजूची फळी निवडावी याचा विचार केला नाही.

सुरतेच्या सुतारांनी हा विचार कसा केला होता, याचे वर्णन यान स्प्लिंटर स्ताव्होरिनुस या डच नाविकाने लिहून ठेवले आहे. १७७० च्या दशकात तो सुरतेस आला होता. युरोपात जहाजाच्या फळ्या नुसत्या कडेला कड लावून ठेवीत व मधली फट दोरखंडाच्या काथ्याने आणि डांबराने बुजवीत. सुरतेचे कारागीर तसे करीत नसत. ते एका फळीच्या कडेस खोबण करीत व दुसरीची कड तीत अचूक बसेल अशी तासत. आधी बसविलेल्या फळीच्या कडेस ते शेंदूर फाशीत, दुसरी फळी तीवर दाबीत, आणि जेथे शेंदूर उमटे तेथला उंचवटा तासून टाकीत; सर्व कड सारखी बसेपर्यंत हे पुनःपुन्हा चाले. मग दोन्ही कडांना एक चिकट लेप लावीत, जो कालांतराने लोखंडासारखा कठीण होई, वर कापसाचा पातळ थर देत आणि फळ्या एकमेकींत घट्ट बसवीत. सांधा शोधूनही सापडू नये असे ते काम होई. शंभर वर्षांची जहाजेही तेथे दुर्मीळ नव्हती, असे तो लिहितो.

या पद्धतीत जो विचार आहे तो ध्यानात घ्यावा. काथ्याने बुजविलेली फट लाकडाच्या प्रत्येक हालचालीबरोबर उघडते. खोबणीत बसलेली फळी मात्र थोडी आत-बाहेर झाली तरी पाण्यास वाट देत नाही. लाकूड हलणार नाही अशी आशा न धरता, ते हलणारच असे गृहीत धरून सांधा योजणे, हे त्यातले शहाणपण होय. तसेच, इतका वेळ खर्चून जी कड अचूक तासायची ती फळी आधी पूर्ण मुरलेली असावी लागे. नाही तर सगळी मेहनत वाया जाती.

हीच विद्या पुढे मुंबईस गेली. १७३५ साली सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीसाठी ‘क्वीन’ नावाचे जहाज बांधले जात होते. देखरेखीसाठी मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्याची दृष्टी लवजी नसरवानजी वाडिया या पारशी मुकादमाच्या कामावर पडली. त्याच्या आग्रहावरून १७३६ मध्ये लवजी दहा कारागिरांसह मुंबईस आले. १७५० मध्ये मुंबईची कोरडी गोदी तयार झाली. लवजी १७७४ मध्ये वारले, पण त्यांचे घराणे पुढे पिढ्यानुपिढ्या जहाजे बांधीत राहिले. १८१० मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ‘मिंडेन’ हे ब्रिटिश आरमाराचे मोठे लढाऊ जहाज समुद्रात उतरविले. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, ज्यावर पुढे १८४२ मध्ये चीनबरोबर नानकिंगचा तह झाला. आणि १८१७ मध्ये ‘त्रिंकोमाली’. या शेवटच्या जहाजाच्या बांधणीस १८१६ मध्ये आरंभ झाला तेव्हा पारशी रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकण्यात आला होता. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. अजून तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत ते सर्वांत जुने मानले जाते.

याच काळात विलायतेत काय घडत होते? १८१० मध्ये डेप्टफर्ड येथे ‘क्वीन शार्लट’ नावाचे एक भव्य लढाऊ जहाज पाण्यात उतरले. पुढच्याच वर्षी तपासणी झाली तेव्हा त्याचे लाकूड बुरशीने पोखरलेले आढळले. समुद्रावर जाण्याआधीच त्याच्या दुरुस्तीस फार मोठा खर्च आला. युद्धाच्या गडबडीत ओले लाकूड वापरले गेले होते, आणि बंद, दमट पोटात त्यास बुरशी लागली. लाकडातील ओल २० टक्क्यांखाली राहिली तर ही बुरशी सहसा वाढत नाही. त्यावर गेली की ती लाकडाचा सत्त्वांश खाऊ लागते. मुंबईच्या गोदीस सागाचे दुहेरी पाठबळ होते. एक म्हणजे त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांना बुरशी व वाळवी सहज जुमानत नाहीत. दुसरे असे, की ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते व गंजलेला खिळा लाकडास खातो. सागात हे वैर फारसे नसते. शिवाय मलबारात आणि ब्रह्मदेशात सागाचे झाड तोडण्यापूर्वी खोडाभोवती सालीखालपर्यंत कडे पाडून ठेवीत. मग ते दोन-तीन वर्षे उभ्या उभ्याच वाळे. ओला साग पाण्यात बुडतो. असा वाळलेला ओंडका नदीतून तरंगत येतो. म्हणजे कुऱ्हाड पडण्याआधीच लाकडाचे मुरणे सुरू होई.

याचा अर्थ सागाच्या प्रत्येक तुकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नाही. सागाच्या सालीलगतचा फिकट भाग इतर कोणत्याही लाकडाइतकाच किडीस बळी पडतो. कोवळ्या झाडात हा भाग मोठा असतो, आणि तेलाने वा रंगाने त्याला गाभ्यासारखे दिसविणे कठीण नाही. लाकडाच्या व्यवहारात फसगत बहुतेक वेळा येथेच होते.

आता प्रश्न असा येतो, की ही समज केवळ गलबते बांधणाऱ्यांचीच होती काय? मुळीच नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत देवप्रतिमेसाठी झाड निवडण्याचा एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे, आणि शय्या व आसने यांच्या लाकडावर दुसरा. विजेने फुटलेले, वाऱ्याने पाडलेले, हत्तीने मोडलेले, वेलींनी जखडलेले, वाळलेले, पोळी असलेले झाड त्यांत वर्ज्य सांगितले आहे. आपण या गोष्टी केवळ शकुन म्हणून वाचतो. पण विजेने वा वादळाने हादरलेल्या खोडात आतल्या आत तडे जातात, हे कोणताही अनुभवी सुतार सांगेल. आणि मधमाशांनी पोळे केले त्या खोडास बहुधा पोकळी असते. वारुळाजवळचे झाड टाळावे, हा नियमही वाळवी जाणणाऱ्यास उमगण्याजोगाच आहे.

शय्यासनाच्या प्रकरणात तर लाकडातील छिद्रांचे सहा प्रकार नावांनिशी दिले आहेत. निष्कुट म्हणजे मडक्यासारखे, तोंड लहान पण आत पोकळ. वत्सनाभ म्हणजे डावीकडे वळत गेलेली चीर; कालक म्हणजे काळे; धुंधुक म्हणजे सरळ फुटलेले. आणि या साऱ्यांपेक्षा मोलाचे एक वाक्य तेथे आहे: छिद्राचा रंग लाकडासारखाच असेल तर ते तितके अशुभ नव्हे. आजचा लाकूडपरीक्षक हेच म्हणतो. गाठ वा खाच लाकडाच्याच रंगाची, घट्ट व निरोगी असेल तर ती केवळ रूपाचा दोष. ती काळवंडलेली, सैल वा डागळलेली असेल तर तेथे कूज सुरू झाली असे समजावे. याच प्रकरणात शय्येसाठी चांगल्या मानलेल्या झाडांत शाक म्हणजे साग आणि शिंशपा म्हणजे शिसव यांची नावे आहेत. प्रतिमेच्या लाकडाबद्दल आणखी एक आज्ञा आहे: झाड तोडण्यापूर्वी त्याच्या दिशांच्या आणि वरखालच्या खुणा करून ठेवाव्या, आणि प्रतिमा त्याच रोखाने स्थापावी. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी १९९६ व २०१५ मध्ये झाला, तेव्हाही कडुनिंबाचे झाड अशाच कसून केलेल्या लक्षणपरीक्षेने निवडले गेले. शास्त्राने शुभाशुभ म्हणून सांगितलेल्या पुष्कळ गोष्टींच्या तळाशी कित्येक पिढ्यांचे निरीक्षण आहे.

मराठ्यांच्या राज्यकारभारातही ही दृष्टी दिसते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट शब्द आहेत. साग, शिसव यांसारखी झाडे आपल्या अरण्यातून हुजूरपरवानगीने तोडावीत, आणखी लागतील ती परमुलुखातून विकत आणावीत. रयतेच्या आंबा-फणसास मात्र हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन फळेनासे झाले तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन मगच न्यावे. आरमारासाठी लाकूड जितके अवश्य, तितकाच ज्याचे झाड त्याचा संतोष अवश्य, ही ती जाण होय.

सुरतेत लाकडाच्या स्वभावाची सर्वांत बारीक कसोटी मात्र जहाजांत नव्हती, ती हातात मावणाऱ्या एका पेटीत होती. सादेली म्हणून प्रसिद्ध असलेली ही कला पारशी कारागिरांनी इराणातील शिराझहून आणली, अशी परंपरा आहे. हस्तिदंत, शिंग, आबनूस, चंदन आणि कथील यांच्या बारीक कांड्या सरसाने जुळवून त्यांची जुडी करावयाची, जुडी आडवी कापून तिचे पातळ काप काढावयाचे, आणि त्या कापांच्या चांदण्या व फुले पेटीवर जडवावयाची. एकोणिसाव्या शतकात मुंबईत बनलेल्या अशा पेट्या विलायतेत ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने मिरवत. आडव्या कापातील लाकडाचा प्रत्येक तुकडा रुंदीच्या दोन्ही दिशांनी आकसतो. हस्तिदंताची चाल निराळी. कथील तर ओलीने हलतच नाही. या सर्वांना एकाच पृष्ठभागावर नांदवावयाचे म्हणजे खालची पेटी पुरती मुरलेली असली पाहिजे. कच्च्या लाकडावर केलेली नक्षी दोन पावसाळ्यांत उचलून येते. आज ही कला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कारागिरांपाशी उरली आहे.

आपल्या देवळांकडे वळून हा लेख पुरा करू. गोमंतकात सुतारास च्यारी म्हणतात. त्याच्या हातची लाकडी शिल्पे बांदिवडे येथील नागेशाच्या सभामंडपात पाहावयास मिळतात. रामायणातील प्रसंग तेथे लाकडात कोरून रंगविलेले आहेत. असे मंडप, असे दरवाजे, पालख्या आणि रथ किनाऱ्यावरील कित्येक गावांत आहेत. त्यांपैकी पुष्कळ आता जीर्ण झाले आहेत आणि जीर्णोद्धाराचे विचार ठिकठिकाणी चालू आहेत. जीर्णोद्धाराची तिथी आधी ठरते, वर्गणी नंतर जमते, आणि लाकूड सर्वांत शेवटी येते, तेही बहुधा ओले. मग उत्सवास चार दिवस असताना दरवाजा बसतो आणि पहिल्याच पावसात त्याला पीळ पडतो. त्यावर कोणी म्हणतो, “आता पूर्वीसारखे लाकूड मिळत नाही.” हे अर्धे खरे आहे. पूर्वीसारखी मोठी झाडे मिळत नाहीत हे खरे. पण पूर्वीसारखी वाट पाहण्याची तयारीही आता राहिलेली नाही, हे त्याहून खरे.

उपाय कठीण नाहीत. लाकूड कामाच्या निदान एक-दोन वर्षे आधी घ्यावे. फळ्यांच्या मध्ये पातळ पट्ट्या ठेवून, टोकांना रंग वा मेण लावून, छपराखाली वारा खेळेल असे ते रचावे. उन्हात टाकू नये. दरवाजाची मोठी रुंदी एका अखंड फळीने न साधता, चौकटीच्या खाचेत सैल बसविलेल्या फळ्यांनी साधावी, म्हणजे फळ्यांस फुगावयास जागा राहते व चौकट स्थिर राहते. सालीलगतचा फिकट भाग वापरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुना दरवाजा वा खांब काढण्यापूर्वी त्याचा सांधा, त्याची फळी कोणत्या बाजूने कापलेली आहे, त्यातील लाकूड कोणते, हे कोणीतरी जाणत्याने पाहून लिहून ठेवावे. तो जुना दरवाजा दोनशे पावसाळे सोसून उभा असेल, तर त्याला हे कोणी शिकविले हे त्याच्याच अंगावर लिहिलेले असते.

सुरतेची गोदी लयास गेली. तिचे कारागीर मुंबईस आले आणि पुढे लोखंडी जहाजांच्या युगात त्यांचेही काम सरले. परंतु त्यांनी जपलेला नियम काही बुडालेला नाही. लाकूड हलणार आहे हे आधीच मान्य करावे, आणि मग त्यास हलावयास योग्य तेवढी जागा देऊन त्याला सांधावे. आपल्या गावच्या देवळाचा नवा दरवाजा घडविताना हा नियम पाळला गेला, तर पुढच्या आषाढात पुजाऱ्यास दाराशी झगडावे लागणार नाही. आणि गावातील एखादा तरुण च्यारी त्या कामावरून पुढच्या पिढीचा दरवाजा घडवू शकेल.